मी उचललेल्या काट्या

शनिवार, ८ नोव्हें.

स. ५:५० ला निघालो. पाटाचा रस्ता. पावसाळाभर चिखल होता, त्यानंतर आज पहिल्यांदा गेलो. ७ किमीत एक ट्रक नाही, एक हॉर्न नाही. तिकडे मनमाड रोडवर उसाच्या ट्रॉल्यांनी उच्छाद मांडलाय, आणि इकडे मी, दोन होले आणि एक मुंगूस. चढ, उतार, पुन्हा चढ. दोन्ही अंगांना कांद्याची लागण. हा रस्ता मी शोधला. शेजारचा नसीर चिडवतो, "मास्तर, रस्ता पाटाबरोबर झाला, तू काय शोधलास?" असू दे. सायकलसाठी मीच शोधला. पुण्याच्या सायकलवाल्यांना नकाशा काढून देणार आहे. चित्रकलेचा मास्तर रिटायर झाला तरी हात शाबूत आहे.

एकच विरस. कडुनिंबाच्या वळणाच्या अलीकडे कुणीतरी बाभळीच्या काट्या रस्ताभर आडव्या टाकलेल्या. वर बुंध्यांवर दगडही ठेवलेले, म्हणजे निर्लज्जपणाची हद्द! शेळ्यांना पाला काढायचा आणि सांगाडे रस्त्यात. गेल्या महिन्यात दोन ट्यूबा गेल्या माझ्या असल्याच काट्यांनी. उतरलो, एकेक उचलून पाटात फेकली. वीस मिनिटं. मनगटं ओरबाडली. तेवढ्यात वसुधाचा फोन, सिलिंडर संपलाय, या लवकर. तिथूनच मागे फिरलो.

संध्या. नसीरच्या दुकानात. मिक्सर उघडून बसला होता. उद्या सायकलला मला जमणार नाही, भाचीचा साखरपुडा, राहात्याला जायचंय. "एकटा जाऊ? काटे किती असतात तिकडे," म्हणाला. म्हटलं, मी आज स्वतः साफ करून आलोय, डोळे मिटून जा.

रविवार, ९ नोव्हें.



पंगतीत होतो. शबानाभाभींचा फोन. नसीर पाटाच्या रस्त्यावर पडला. मला वाटलं घसरला असेल, खरचटलं असेल. पडला कुठे? तर रस्त्याखालची मोरी ढासळलीय, निम्मा रस्ता खाली गेलाय, वळण घेतलं आणि सरळ खड्ड्यात. दीड पुरुष खोल. कांदे लावणाऱ्या बायकांनी हाका ऐकल्या तेव्हा बाहेर काढला. मांडीचं हाड, उजवा खांदा. नगरला नेलंय.

मोरी कुठली, विचारलं. कडुनिंबाच्या वळणापुढची.

काट्या वळणाच्या अलीकडे होत्या.

ताटात जिलबी होती. ती तशीच

सोम. १०

नगर. ऑपरेशन झालं, सळई घातली. शुद्धीवर आहे. मला बघून हसला, म्हणजे प्रयत्न केला.

"मास्तर, काही खूण नव्हती रे. एक दगड असता रस्त्यात तरी थांबलो असतो."

मी मोसंबं सोलत होतो. सोलतच राहिलो. दोन सोलली, तिसरं घेतलं. भाभी म्हणाल्या, "भाईसाहेब, पुरे, तो खाणार नाही इतकं."

संध्याकाळी घरी आलो. वसुधाला काही बोललो नाही. ओरखड्यांना हळद लावताना तिने विचारलं, कशाने? म्हटलं, बाभळीने. एवढं खरं बोललो.

मंगळ. ११

पाटकरी बबनबरोबर जागेवर गेलो. पाट, चाऱ्या, पाण्याची पाळी, सगळं हाच बघतो. खड्डा पाहिला. त्यात नसीरची पाण्याची बाटली अजून पडलेली. काठावर बसलो.

बबन: "मोरी पावसात गेली, सर. काम लागनारच हुतं. तवर त्या गोदाबाईला सांगितल्यालं, वळनाअलीकडं काट्या टाक. ती दसऱ्यापास्नं शेळ्या घिऊन हितंच ऱ्हाती."

मी: काट्या कशाला?

"काटी आडवी पडली की वाट बंद! बारकं पोरगंबी वलांडत न्हाई. वर दगड ठिवला म्हंजी तर सवालच न्हाई."

एकतीस वर्षं या तालुक्यात काढली. या गावांतल्या पोरांना झाड, डोंगर, झोपडी काढायला शिकवलं. कुंपण काढताना काटे कसे दाखवायचे, तेही शिकवलं. आणि मला हे माहीत नाही! मला तो कचरा वाटला. दगड ठेवलेला पाहून मला राग आला होता, दगड!

"म्हातारीनं चुलीत घातल्या आसत्याल," बबन म्हणाला. "शुक्रवारी दहाला पाटबंधाऱ्याचे साहेब येनार हायेत पंचनाम्याला. खोपाट उठवायला लावनार तिला. जागा पाटाची हाय ना."

बबन पाटाकडे पाठ करून उभा होता. खाली कोरड्या पाटात, गवतात काट्या पडलेल्या. मी त्या पाहिल्या आणि नजर वर घेतली.

बुध. १२

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते. लिहितो.

नगर. बबनने भाभींना फोनवर गोदाबाईचं सांगितलेलं, नसीर भडकलेला. उजवा हात हलत नाही, सोल्डरिंग कसं करणार, दुकानाचं काय, हेच सतत. "त्या बाईला सोडणार नाही. अर्ज लिही, मास्तर. तुझं अक्षर चांगलं, मराठी चांगलं. शुक्रवारी साहेबाच्या हातात दे."

आणि मी लिहिला. खरंच लिहिला. 'अक्षम्य निष्काळजीपणामुळे एका कष्टकरी माणसाचा...' वाक्य जमल्यावर क्षणभर बरंसुद्धा वाटलं मला. हे आज कळलं, की मी असा आहे. नावाच्या जागी रेघ सोडली. म्हटलं, बाईचं पूर्ण नाव विचारून येतो.

गुरु. १३, दु.

स्कूटरवर गोदाबाईकडे. नाव विचारायला, असं स्वतःला सांगत गेलो. सत्तरीची असेल. शेळ्या चार. आधी पाणी दिलं, मग कोण कुठले विचारलं. म्हटलं, पडले त्यांचा मित्र.

पदर डोळ्याला लावला तिने. "वाचलं ना पावनं? लई वरडत हुतं हो. मीबी धावले, पन वर वडायला ताकद कुठली."

काट्यांचं विचारलं. 

"टाकल्या हुत्या की! दोनदा टाकल्या. शनवारी सकाळी साहेब आला आन् काढल्या त्यानं."

साहेब?

"पिवळं जाकीट, डोक्याला टनक टोपी, हातमोजं. आपल्या हातानं दगड उचलून बाजूला ठिवत हुता. मी शेळ्यांकडं, त्या टेकाडावर. म्हनलं, रस्ता झाला वाटतं, म्हनून साहेब सोता मोकळा करतोय. न्हाईतर मी परत टाकल्या नसत्या व्हय?"

सायकल मी बाभळीला टेकवली होती. ती टेकाडावरून दिसली नसणार.

"बबन म्हनतो साहेब आलाच न्हाई, म्हातारी खोटं बोलती. समदे हसत्यात. पन मी बघितलाय वो."

माझ्याकडे सरळ बघून बोलत होती. दोन हातांवरून. आज मी पांढऱ्या शर्टात, सायकलचं हेल्मेट नाही, टक्कल उघडं. ओळखलं नाही तिने.

"तुमी शिकलेले हाय. त्या सायबाचं नाव कुटं सापडंल का वो? नाव मिळालं तर माजं खोपाट ऱ्हाईल."

मी म्हणालो, "बघतो."

बघतो!! एवढं बोलून स्कूटरला किक मारून आलो.

शुक्र. १४, स. ८

काल गोदाबाईकडून घरी आलो, वर लिहिलं ते लिहिलं, आणि चारच्या गाडीने नगरला गेलो. भाभी चहा आणायला खाली गेल्या तेव्हा नसीरला सांगितलं. मीच काढल्या. कशासाठी काढल्या तेही. पुढे जाऊन पाहिलं नाही तेही. सिलिंडरचं सांगायला लागलो, मधेच थांबलो, ते कारण सांगायचं तोंड नव्हतं.

 मला वाटलं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, "अर्ज आणलायस?"

दिला.

"नावाची जागा रिकामी आहे ना? लिही."

माझं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट. आयुष्यात इतकं घाणेरडं अक्षर आलं नव्हतं. त्याने डाव्या हाताने कागद घेतला, वाचला, छातीवर धरूनच घडी घातली, उशीखाली ठेवला.

"देणार आहेस का?" विचारलं.

"शबाना येतेय. जा तू आता."

पहिल्यांदाच 'मास्तर' म्हणाला नाही.

रात्री वसुधाला सगळं सांगितलं. ती घाबरली, रडली. आज सकाळी चहा देताना म्हणाली, "कागद त्याच्याकडे आहे ना? मग त्याच्यावर सोडा. तीस वर्षांचा शेजार आहे, तो नाही देणार." बरोबर आहे तिचं. नसीरचा स्वभाव मला माहीत आहे, नाहीच देणार. आणि मग साहेब त्या म्हातारीचं खोपट उठवतील, आणि मी संध्याकाळी मोसंबी घेऊन नगरला जाईन.

तेव्हा कागदाची वाट न बघता मला दहाला पाटावर पोचायला हवं. स्कूटरने वीस मिनिटं. आंघोळ झाली, कपडे घातले, किल्ली खिशात आहे.

हे इथे लिहिलं म्हणजे मी जाईनच असं नाही. या आठवड्यात माझ्याबद्दल एवढं मला कळलंय.