इंटिमेट केल्याप्रमाणे

सोमवार, ३ मार्च
लेक शहरात नोकरीला गेल्यापासून माझ्या प्रत्येक मेसेजला नुसता अंगठा पाठवते. एवढं शिकवलं आणि पोरगी अंगठेबहाद्दर निघाली. आज तिच्या स्टेटसवर पोस्टर: शनिवारी 'इंटिमेट इंडी-पॉप कॉन्सर्ट', मोजकीच माणसं. खाली, मी जातेय. ठरलं, मीही जाणार. बाप काय चीज आहे ते तिच्या मित्रमंडळींना कळू दे. मग बघू अंगठा कसा येतो.

मंगळवार, ४ मार्च
तिकीट काढलं. गायिकेची गाणी ऐकली. बाई गाते की कुजबुजते, समजत नाही. तिसऱ्या गाण्याला डोळा लागला. म्हणजे तल्लीन झालो.
हिचं म्हणणं, आधी पोरीला कळवा. हिला सरप्राइज म्हणजे काय ते ठाऊक नाही.

बुधवार, ५ मार्च (ऑफिसात)
शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंना 'इंटिमेट'चा अर्थ विचारला. म्हणाल्या, जवळिकीचं काहीतरी असेल. कीव आली. आवक-जावक विभागात केस पांढरे केलेत मी. इंटिमेट म्हणजे कळवणे. म्हणजे या कॉन्सर्टला आगाऊ कळवून जायचं. शिस्तीची मंडळी दिसतात.
लगेच गायिकेला ईमेल: 'आपणांस इंटिमेट करण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार सदर कॉन्सर्टला जातीने उपस्थित राहतील. त्यांची कन्याही तेथे असेल. तिला वडिलांचा सार्थ अभिमान आहे. तरी योग्य ती नोंद घ्यावी.' प्रत माहितीसाठी: हॉलचे मॅनेजर, ड्रमवाले.

शुक्रवार, ७ मार्च
उत्तर नाही. स्मरणपत्र धाडलं. गाणी पाठ करायची राहिली. घसा बसलाय.

शनिवार, ८ मार्च, संध्याकाळी सात
पोचलो. हॉल कसला, कॉफीच्या दुकानामागची खोली. बूट बाहेर, आत गाद्या. गुडघे बोंबलतायत. लेक पुढे, मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात, पाठमोरी. मध्यंतरात जाऊन खांद्यावर हात ठेवणार.

रविवार, ९ मार्च, सकाळी, लॉजवर
कार्यक्रम उत्तम. गायिकेने माझं पत्र वाचून दाखवलं. मी उठून नमस्कार करणारच होतो, तेवढ्यात लोक हसायला लागले. 'निम्नस्वाक्षरीकार'ला ड्रमवाल्याने ड्रम बडवला. लेक तर हसून हसून मैत्रिणीच्या अंगावर पडली. 'सार्थ अभिमान' आला आणि ती एकदम थांबली. मान वळवून मागे बघायला लागली. माझ्या बुटाची नाडी सुटली होती म्हणून मी वाकलो. बूट बाहेर होते हे मागाहून आठवलं.
गायिकेने विचारलं, यांची मुलगी कोण, हात वर करा. कोणाचाच हात वर गेला नाही. गर्दीत तिला नीट ऐकू गेलं नसेल.
मध्यंतराला थांबलो नाही. आत फार कोंदट होतं.

रविवार, दुपारी, बस स्टँड
लेकीचा फोन. आपण होऊन. कुठे आहात, म्हणाली. म्हटलं घरी, पेपर वाचतोय. नेमकी तेव्हाच लाउडस्पीकरवर माझ्या बसची घोषणा झाली. म्हणाली, घरात फार गोंगाट आहे. फोन ठेवताना म्हणाली, बाबा, पुढच्या वेळी मलाही इंटिमेट करा.
बसमध्ये जागा धरली आणि तिला मेसेजवर अंगठा पाठवला.