जावईबापूंची थंडी

तीर्थरूप आत्या,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार. डाव्याला जरा हलक्या हाताने, कारण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला नमस्काराचा भार सोसेल की नाही हे डॉक्टरांना विचारायचं राहिलं. काठी घेऊन चालतेस ना? (नुसती हातात धरून नव्हे, टेकून.) झोप लागते का? इकडे आम्ही तिघं बरी आहोत. माझा खोकला गेला. तो होता हे मी तुला कळवलं नव्हतं, पण गेला म्हणून लिहिलं तर आधी होता हेही लिहायला हवं.

आता बातमी. आधी कारणं आणि मग बातमी असं लिहायचं मी ठरवलं होतं, पण मला धीर धरवत नाही. आत्या, तुझ्या बाईसाहेबांना पिल्लं झाली! नऊ. सगळी जिवंत, सगळी चिडखोर, आणि सगळी आतापर्यंत मला एकेकदा चावून झालेली आहेत. (लागत नाही फारसं. काळजी करू नकोस.) ज्या डोंगरी काळ्या अजगराला पिंजऱ्यात पिल्लं होणं म्हणजे भल्याभल्यांनी हात टेकलेलं काम, त्याची नऊ पिल्लं आपल्या मागच्या खोलीत, शिवणयंत्राच्या शेजारी, एकेका डब्यात बसून माझ्यावर फुत्कारतायत. मी हे वाक्य लिहून उठले, मोजून आले. नऊच आहेत.

तू सर्पालयातून निवृत्त होताना ही जोडी माझ्या हवाली केलीस, तेव्हा माझ्यावर केवढा विश्वास टाकलास हे मला कळत होतं. अक्षरओळख व्हायच्या आधी मी तुझ्या मांडीवर बसून सापाच्या डोळ्यावर अडकलेली कात सोडवायला शिकले. म्हणूनच तुझं मागचं पत्र मला लागलं. या थंडीतही अंडी झाली नाहीत तर जोडी सर्पालयात पाठवायची, तुझा जुना सहायक आता तिथला प्रमुख आहे, तो पेटारा घेऊन येईल, असं तू लिहिलं होतंस. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. दर वर्षी तेच होत होतं. तू शिकवल्याप्रमाणे थंडीच्या दिवसांत मी संध्याकाळी हीटरचं बटण काही घरं उतरवायची, कारण डोंगरातल्या अजगराला रात्री गारवा लागल्याशिवाय संसार सुचत नाही. आणि सकाळी थर्मामीटर बघावा तर खोली उबदार. मी शेजारी दुसरा थर्मामीटर टांगला. नवाही तेच सांगू लागला, म्हणून आणखी एक आणला. मग शंका नको म्हणून चौथा. भिंतीवर चार थर्मामीटर ओळीने टांगलेले, चौघांचं एकमत, आणि माझा चौघांवरही विश्वास नाही! यंत्रं खोटं बोलतात हे मी मानलं, पण आईबाबांविषयी तसा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मग तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते दोघं तुझ्याकडे राहायला आले. (देव तुझ्या गुडघ्याचं भलं करो.) ते गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी रोजच्यासारखा हीटर उतरवला आणि सकाळी पाहते तर तो उतरलेलाच! चारही थर्मामीटर गारठलेले. मी हीटरसमोर जमिनीवरच बसले, आणि मला एकेक आठवायला लागलं. बाबा झोपण्याआधी पाणी प्यायला उठतात आणि स्वयंपाकघर डावीकडे असताना उजवीकडे, अजगरांच्या खोलीकडे वळतात. आई खोलीत वाळलेले कपडे आणायला म्हणून जाते, तेव्हा तिथे कपडे वाळत घातलेले नसतात. बाबा हीटर एक घर चढवायचे, आई दोन, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. शिवाय आई पिंजऱ्यावर जुनी शाल टाकायची ती वेगळीच. मी फोनवर विचारलं, तर तिने लगेच कबूल केलं. वर मलाच म्हणाली, "अगं, बाईसाहेब म्हणजे वन्संच्या हातची पोर, तिचं एक चालतं. पण जावईबापू परक्या घरून आलेले! आपल्याकडे त्यांना थंडी बाधली तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहील का?"

अजगरालाही जावई म्हटल्यावर आपल्या घरात त्याचं लग्न सोडून बाकी सगळं नीट होणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

तर त्या थंडीत मी पहिल्यांदा खोली खरोखर गार ठेवली. खिडकीची फट उघडी, मी दोन स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून स्टुलावर. आई रोज फोन करायची, जावईबापूंना थंडी नाही ना वाजत? मी म्हणायची, हवी तेवढीच वाजतेय. (हे खोटं नव्हतं. मी बोलण्याआधी दोनदा तपासून पाहिलं.) पुढे जे झालं ते कागदावर लिहिणं मला जमणार नाही. शेपट्या गुंतल्या एवढंच लिहिते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते, फक्त नोंदीसाठी अधूनमधून वळत होते.

आईबाबा परतले तोवर बाईसाहेबांचं पोट जड झालं होतं आणि त्या ऊब शोधत होत्या. म्हणजे आता हीटर चढवणंच योग्य होतं. मी तसं सांगितल्यावर दोघं इतक्या घाईने खोलीत शिरली की दारात अडकली. आणि नेमका अंडी दिसली त्याच सकाळी तुझा सहायक पेटारा घेऊन दारात हजर! मी नुसतं पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं. बाईसाहेब अंड्यांभोवती वेटोळं घालून बसल्या होत्या, काळ्याभोर अंगावर निळी झाक, आणि अंग मधूनमधून थरथरत होतं. तो पेटारा खाली ठेवून त्याच्यावरच बसला.

आई मागून म्हणाली, "बघा, कुडकुडतेय बिचारी. मी सांगत होते!"

त्याने फार आदबीने समजावलं की ही थंडी नव्हे. अजगराची मादी अंग थरथरवून स्वतःची ऊब वाढवते आणि ती अंड्यांना देते.

"म्हणजे तिलाही वाटतंच ना, पोरांना थंडी वाजेल म्हणून?" आई म्हणाली.

आत्या, तो रिकामा पेटारा घेऊन गेला, आणि जाताना मला 'ताई' म्हणाला. माझ्या दुप्पट वयाचा माणूस! मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात एकटीच नाचले. पुढे अंडी फुटून पिल्लं निघाली ती विटेच्या रंगाची. बाबा जावईबापूंकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले, तेव्हा मला सांगावं लागलं की ही लहानपणी तांबूसच असतात, काळी होतात ती मोठेपणी.

जोडी आता इथेच राहील ना? एका ओळीत कळवलंस तरी चालेल, पण कळव. प्रकृतीला जप.

तुझी भाची

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिली. (राहिली नाही. धीर होत नव्हता.) पुढच्या थंडीत आईबाबांना काहीही कारण काढून तुझ्याकडे बोलावून घे. कारण खरं असलं तर बरं, म्हणजे मला ते त्यांना सांगता येईल.

ता. क. २. टपालात टाकायला म्हणून पत्र माझ्याकडे दिलं, पाकीट उघडं होतं, वाचलं. ताई, जोडी पोरीकडेच राहू दे. स्टुलावर कुडकुडत बसली आणि करून दाखवलं तिने. मी एक घर चढवायचो हे खरं. तू बोलावलंस की येऊ. – तुझा भाऊ

ता. क. ३. वन्सं, आम्ही दोघं नक्की येतो, पोरीच्या कामात आड येणार नाही. फक्त इतक्या कोवळ्या जिवांना त्या गारठ्यात ठेववत नाही, म्हणून नऊही डबे बरोबर आणतो. तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत हीटर आहे ना?