गोधडीच्या पोटात

शुगर लँड,
४ मे २०२५

ती. शुभाआत्यास,
सा. न. वि. वि.

तू व्हॉट्सॲप वापरत नाहीस, त्यामुळे घरात चालणारं पेन शोधण्यात माझा अर्धा रविवार गेला.

लूकच्या गावी, लुइझियानात, स्मारक होतंय. माझ्या सासरचे हे लोक अकेडियन. पावणेतीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांच्या पूर्वजांना कॅनडाकडच्या शेतांवरून हाकललं, घरं जाळली, माणसं जहाजांत कोंबली. त्यांची आठवण म्हणून गावच्या हॉलमध्ये भलीमोठी गोधडी लागणार आहे. प्रत्येक घराण्याने एक चौकोन शिवायचा. सासूबाई, म्हणजे ओडेट, या कामाच्या प्रमुख, आणि आमच्या सासरच्या लँड्री घराण्याचा चौकोन त्यांनी चक्क मला सांगितलाय! लग्न झाल्यापासून त्या मला पाहुणीच समजतात, जेवलेली प्लेटसुद्धा उचलू देत नाहीत. हा चौकोन बिघडला तर मी जन्मभर पाहुणीच राहीन गं. तुझा गोधडीवर हात बसलेला आहे, काहीतरी सांग.

माया आटू देऊ नकोस.
तुझी भाची,
हिमानी


फलटण,
२१ मे २०२५

चि. सौ. हिमानीस,
अ. उ. आ.

तुझं अक्षर अजून तसंच. ‘अकेडियन’ मी ‘अकादमी’ वाचलं आणि जावईबापूंनी नोकरी बदलली असं तुझ्या आतोबांना सांगून मोकळी झाले. त्यांनी पेढे आणले, ते आम्हीच खाल्ले.

नवं कापड मुळीच घेऊ नकोस. घरातल्या सगळ्यांचे जुने सुती कपडे मागून घे. धावदोरा बारीक घाल. आणि शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत पोळीचा तुकडा ठेव. आपल्या घरात गोधडीला उपाशी ठेवत नाहीत. एवढं केलंस की घाबरायचं कारण नाही.

लोभ आहे, तो जुन्या लुगड्यासारखा मऊ होत जावो.
तुझी,
शुभाआत्या


शुगर लँड,
३ ऑगस्ट २०२५

ती. शुभाआत्यास,
सा. न. वि. वि.

आधी भांडून घेते. तुकडा वाळलेला हवा हे तू लिहिलंच नाहीस! मी आपली तूप लावलेली ताजी पोळी ठेवली. अनावरणाच्या आदल्या दिवशी बघते तर बाकीचे चौकोन स्वच्छ आणि लँड्री घराण्यावर मुंग्यांची रांग. सासूबाईंनी सगळ्यांसमोर कोपरा उसवला, तुकडा बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मला रडूच फुटलं. रडतरडतच सांगितलं, की आमच्याकडे गोधडीला उपाशी ठेवत नाहीत.

त्यावर सासूबाई म्हणाल्या, की त्यांची आजी सांगायची, सैनिक आले तेव्हा जेवण चुलीवरच राहिलं आणि आपली माणसं उपाशी जहाजात चढली. एवढं बोलून त्या उठल्या, हॉलच्या किचनमधून तांदळाचा डबा आणला आणि प्रत्येकीला आपापला कोपरा उसवून चिमूटभर तांदूळ आत घालायला लावले. दोघीतिघी कुरकुरल्या, पण ओडेटबाईंपुढे कोणाचं चालतंय!

दुसऱ्या दिवशी अनावरण झालं. एकेका घराण्याचं नाव घेत होते आणि त्या घरची माणसं उभी राहत होती. लँड्री म्हटल्यावर लूक उठला. मी मात्र फोटो काढायला फोन सरसावून बसून राहिले. सासूबाईंनी फोन काढून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकला, मला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, की आपलं नाव घेतलंय, बसून काय राहिलीस.

राग गेला, लोभ उरला. तो असू दे.
तुझी,
हिमानी