दोघांच्या गोळ्या

९ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

इतके दिवस पत्र नाही, माफ कर. शाळेत परीक्षा होत्या हे खरं, पण तुझ्या पत्राला काय उत्तर द्यावं हेच सुचत नव्हतं, हे जास्त खरं. पाचव्या महिन्यात, आणि परजीवीचा संसर्ग? नवरा-बायकोत एकमेकांकडून जाणारा?

वेळेआधी पाणी जाऊ शकतं म्हणून औषध महत्त्वाचं, हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पटलं. दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, नाहीतर तो फिरून परत येतो, हेही. पुरुषाला बहुधा काहीच जाणवत नाही म्हणे. जावईबापूंना सांग, त्यांच्या कारखान्यात बनणाऱ्या सोफ्यातली स्प्रिंग बाहेरून दिसत नाही म्हणून ती नसते असं नाही.

जिवाला जप.
तुझी ताई

२१ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

फेरतपासणीत संसर्ग तसाच निघाला. दोघांनी गोळ्या घेतल्या का, असं बाईंनी विचारलं. मी ठासून हो म्हटलं. हे मात्र जमिनीकडे बघत होते.

रोज सकाळी गोळ्या काढून हेच माझ्या हातावर ठेवायचे. त्यात त्यांच्या वाट्याच्याही होत्या गं! म्हणाले, मला काही झालेलं नाही, हिला दोन जिवांचं बघायचंय, जास्त औषध पडलं तर बरंच. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

संसर्ग आधी कुणाला झाला, हे सांगता येत नाही म्हणाल्या. वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. तरी घरी आल्यावर मी यांना विचारलंच, कुठून आणलात. ठाऊक नाही म्हणाले. मी दार दाखवलं. तेव्हापासून कारखान्यात सोफ्यांमध्ये झोपतात. शेजारीण म्हणते, किती कामसू नवरा. गोळ्या परत दोघांनी सुरू करायच्यात, पण मला त्यांचं तोंड बघवत नाही. यांनी मला फसवलं का, तूच सांग. बाळ हलतंय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटी

२५ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

तुझ्या पोटात दुप्पट औषध गेलं, आणि तेही मायेनं. रागवावं तरी कुणावर?

फसवलं का, हे मला माहीत नाही. बाईंना नाही, तर मला कसं असणार? तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. एवढंच सुचतं, की ज्याला काही लपवायचं असतं तो आपली गोळी मुकाट्यानं गिळून टाकतो, बायकोच्या हातावर ठेवत नाही. हा पुरावा नव्हे, कळतं मला. पण बाळाला आपल्या खात्रीची वाट बघायला वेळ नाही. रुसवा नंतर पुरा कर, औषध आधी.

तू बोलावणार नाहीस आणि ते आपणहून येणार नाहीत. तेव्हा आता मध्ये मीच पडते.

आहे तेवढा लोभ राहू दे.
तुझी ताई

(ताईच्या वहीत, त्याच दिवशी) उद्या : कारखान्यात फोन करून जावईबापूंना घरी पाठवणे.