गवताखालचं लुगडं

माझं हिरवं लुगडं शेळीनं खाल्लं म्हणालात ना? सापडलं. अंगणातल्या गवताखाली, चिखलात, कुजून शेवाळ झालेलं. हाताला लागलं तेव्हा मेलेली घूसच वाटली. साबणानं धुतलं तरी हाताचा वास जाईना, म्हणून लिहायला बसले.

अहो,

तुमी गेलात, अन् तुमची कामं अजून आमीच निस्तरतोय. माझ्या खोलीची भिंत खालनं ओली झाली. अंथरुणाला बुरशी! बाळू म्हणाला, "आये, फवाऱ्याची नळी कुठंतरी फुटलीय. सापडली न्हाय तर भिंत बसंल."

सापडायची कशी? पुरली तुमी! गणपती दूध पितो म्हणून समदी बारामती वाटी घेऊन पळत होती, अन् तुमी एकटे लेकाच्या नव्या बंगल्यापुढं चर खणत होता. कुणाला विचारायचं न्हाय, कुणाला दाखवायचं न्हाय.

अन् कशासाठी? गवतासाठी! तुमच्या बापानं अंथुर्ण्याच्या माळावर मेंढरं चारली. अन् हितं गवताला पाणी घालायचं, कात्रीनं कापायचं, शेरडानं तोंड लावलं की हाकलायचं. थू असल्या गवतावर!

बाळूनं नळापासून भिंतीपर्यंत सरळ खणलं. गांडुळं निघाली, काळं घाण पाणी निघालं, नळी काय निघंना. नातवंडं नाक धरून उभी. सूनबाई म्हणाली, "मामंजींनी पुरली का गिळली?"

मग माझ्या ध्यानात आलं. जन्मभर तुमी उसाला पाटानं पाणी दिलेलं. पाणी चढाला जातं यावर तुमचा इश्वासच नव्हता. "मोटर ढकलतीय ओ, आबा," म्हणून बाळू सांगून दमला. तुमी काय म्हणालात? "आज ढकलंल. उद्या दमली की?"

मी बाळूला म्हणलं, "नळापाशी घागर उपडी कर, पाणी कुठं पळतंय बघ." पळालं की! लिंबाला वळसा, कुंपणाच्या कडंनं, अन् माझ्या भिंतीखाली. तशीच खाली तुमची नळी, पाटासारखी वाकडी. अन् भिंतीजवळच्या सांध्याला माझं लुगडं फाडून गुंडाळलेलं. शी! लुगडं तर लुगडं, निदान गाठ तरी नीट मारायची.

अन् शेळी? गाभण होती ती. मी शिव्या घातल्या, तुमी गुमान दावं धरून बाजारात नेलीत. ती मागं बघून ओरडत होती, तेव्हा तुमचं तोंड शिवलं होतं का?

आता नळी नवी टाकली, भिंत वाळतीय. पण तुमची वाट मी बुजू देणार न्हाय. जिथं जिथं तुमी वळलाय, तिथं तिथं झेंडू लावीन. ही नागमोडी रांग कुणाची म्हणून कुणी विचारलं, तर आजवर घेतलं न्हाय ते तुमचं नाव घेऊन सांगीन.

लुगड्याचा जाब पायजे मला. तुमीच द्यायचा. तिकडं शेळी भेटली, तर तिला पुढं करायचं न्हाय.

गोदा