छापलं तेच सोडवलं

टेंभुर्णी,
९ नोव्हेंबर २०२५

चि. दैवशाला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं, जावईबापूंचं आणि लेकीचं बरं चाललं असेल. इकडे आम्ही ठीक. मी मे महिन्यात सेवानिवृत्त झालो. हिचे गुडघे दुखतात, बाकी काही नाही. कापसाची वेचणी चालू आहे, शाळा निम्मी रिकामी असते म्हणे.

तुझा पत्ता तुझ्या वडिलांनी, कडूबांनी दिला. परवा बाजारात भेटले. हात जोडून म्हणाले, "सर, तुमी येळेवर सांगितलं म्हून बरं झालं. पोरगी गणितात कच्ची. सायन्सला घातली असती तं वाया गेली असती." मी त्यांना चहा पाजला आणि घरी आलो. तेव्हापासून हे पत्र लिहायला बसतो आणि उठतो.

दहावीची सराव परीक्षा तुला आठवत असेल. सूत्राचा वापर करून वर्गसमीकरण सोडवा, तीन गुण. मी 2x² + 3x − 5 = 0 असं लिहून दिलं होतं. छापताना वजाचं अधिक झालं. बाकी सगळ्यांनी वहीतलं पाठ केलेलं उत्तर उतरवलं, एक आणि वजा पाच छेद दोन. तू एकटीनं b² − 4ac काढलंस. नऊ वजा चाळीस, म्हणजे वजा एकतीस. खाली लिहिलंस, वर्गमुळात ऋण संख्या येते, म्हणून समीकरणाची मुळे वास्तव नाहीत.

मी शून्य गुण दिले. तू पेपर घेऊन टेबलापाशी आलीस.

"सर, छापलं तेच सोडवलं."

"चाळीस जण चुकले आणि तू एकटी बरोबर?" मी पेपर पाहिलासुद्धा नाही. वर्ग हसला. पालकसभेत कडूबांना सांगितलं, मुलगी उलट बोलते, गणित कच्चं आहे, सायन्सचा नाद करू नका.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं नाही. पालकसभा झाली त्याच आठवड्यात प्रश्नपत्रिका हाताला लागली आणि मला चूक दिसली. अकरावीच्या प्रवेशाला अजून पाच महिने होते. वाटलं, सोमवारी वर्गात सांगू. सोमवारी वाटलं, मुलं काय म्हणतील. मग तू आर्ट्सला गेलीस. मग तुझ्या लग्नाची पत्रिका आली, आणि मी येऊन जेवूनही गेलो.

जमलं तर माफ कर.

कल्याण सर


कुंभार पिंपळगाव,
२१ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. काकूंना गुडघ्याला शेक द्यायला सांगा.

चूक छपाईची आहे हे मला त्याच दिवशी कळल्तं. घरी जाऊन x च्या जागी एक टाकून पाह्यला. दोन, तीन, पाच, दहा होतात. शून्य येत न्हाई. बाबांना वही दाखवली. बाबा म्हणले, "सर काय खोटं बोलतेत का?" मंग मी बी तेच धरून चालले. उत्तर बराबर आलंय हे माहीत असून मीच कच्ची आहे असं मला वाटाया लागलं. अजूनबी वाटतं. लेक दुसरीत आहे. तिची बेरीज तपासायची तरी मी तिच्या पप्पाला हाक मारते. ते हसतेत. मीबी हसते.

माफीचं मला आत्ता काही कळत न्हाई. मी माफ केलं तरी बाबांना ते कुठं कळणार? त्यांनी मला सायन्सला घातलं न्हाई म्हणून मी त्यांच्याशी दोन वर्षं नीट बोलले न्हाई. त्यांचा तरी काय दोष होता?

तुम्ही त्यांच्याकडं जा. गणित समजावून सांगू नका, त्यांना कळणार न्हाई. एवढंच सांगा की त्या दिवशी तुमची पोरगी बराबर होती. जरा मोठ्यानं सांगा, त्यांना आता कमी ऐकू येतं. आई शेजारी असंल तं बरं.

सांगून झालं की मंग मला पत्र टाका.

तुमची विद्यार्थिनी,
दैवशाला