सर्व्हर गप्प झाला तेव्हा

९ ऑक्टोबर, सोमवार

आज पुन्हा खुलासा. साखर कारखान्याच्या सर्व्हरकडून रोज सकाळी एक मेल येतो. आमचे अधीक्षक शिवशरण अप्पा तो छापून घेतात, त्यावर आवक क्रमांक टाकतात आणि लाल शाईनं लिहितात — ‘संगणक सहायक यांनी खुलासा करावा.’ संगणक सहायक म्हणजे मी.

मेलमध्ये एकच ओळ असते : फाइलींच्या पत्त्यातली सुरुवातीची तिरकी रेघ काढली. ही तक्रार नाही. रात्रीचा बॅकअप, म्हणजे सगळ्या नोंदींची प्रत काढणारा प्रोग्राम, ती रेघ मुद्दाम काढतो. म्हणजे पुढे कधी प्रत उघडली तर ती मूळ फाइलींवर जाऊन बसत नाही. हे मी लिहून दिलं. अप्पा म्हणाले, “बिघडलं न्हाय, तर मग बोलतंय कशाला?”

महिनाअखेरीस अप्पांच्या शिफारशीवरून मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. माझ्या फायलीत फक्त खुलासे आहेत.

११ ऑक्टोबर

आई म्हणाली, “त्यास्नी समजंल असं सांग की.” म्हणजे दोष माझाच! झोपताना वाटलं, असेलही.

१२ ऑक्टोबर

समजेल असं सांगितलं. “अप्पा, रात्रीचा वॉचमन धरा. काही घडलं नाही तर तो सकाळी मुकाट्यानं घरी जातो. सांगायचं असेल तरच तुमच्या टेबलाशी येतो. सर्व्हरवरची ठरलेली कामंही तशीच — बोलण्यासारखं असेल तर मेल. फक्त आपला वॉचमन ‘चप्पल काढून आत गेलो’ हेही सांगायला येतो.”

अप्पा हसले. मी त्यांना याआधी हसताना पाहिलं नव्हतं. “मग त्याचं तोंडच बांधा की.”

एका ओळीत बांधता येतं. पण मग चोर आला तरी तो बोलणार नाही. मी नाही म्हटलं.

“तुमी लई अवघड हायत, बाई.”

१३ ऑक्टोबर

तोंड बांधलं नाही, बोलण्याचं कारणच काढून टाकलं. बॅकअपला पत्ते त्या रेघेशिवायच द्यायचे, म्हणजे काढायला काही उरत नाही. मग मुद्दाम नसलेल्या फोल्डरचं नाव देऊन पाहिलं — लगेच मेल आला. खरी अडचण अजून ऐकू येते. नाव पुन्हा बरोबर केलं. बरं वाटलं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

मेल नाही, खुलासा नाही. अप्पा खूश. पण त्यांना लेखी हवं होतं. दिलं : ‘मेल आला नाही म्हणजे सर्व ठीक आहे.’ खाली सही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

खंडेनवमी. मोटारी, पंप, वजनकाटा, सगळं बंद करून, पुसून, झेंडूचे हार. वायरमन बाबूमामांनी सर्व्हरही बंद करायला लावला. “चालत्या यंत्राची पूजा करत नसत्यात, ताई.” मी म्हटलं, “कुंकू पंख्याच्या जाळीत जाऊ देऊ नका.” त्यांनी बोटभर टिळा अगदी कडेला लावला. “हितं चालंल का?” चाललं.

दुपारी मीच चालू केला. ऊस नोंदी उघडल्या. कळंबची एसटी गाठायची होती. निघाले.

२५ ऑक्टोबर

दसऱ्याच्या सुट्टीनंतर आज हजर. मेल नाही. अप्पा म्हणाले, “बघा, सगळं ठीक.”

सहज बॅकअपचं फोल्डर उघडलं. पूजेनंतर एकही प्रत नाही. ठरलेली कामं वेळेवर सुरू करणारा प्रोग्रामच पुन्हा चालू झाला नव्हता. सर्व्हर बंद करून चालू केला तर काय होतं, हे मी कधी तपासलंच नव्हतं. काम झालंच नाही तर बोलणार कोण?

नुकसान काही नाही. पण गाळप तोंडावर आहे. ऊस नोंदीतल्या लागणीच्या तारखेवरून तोडीची पाळी लागते. या दोन रात्रींत डिस्क गेली असती तर कुणाचा ऊस आधी, हे कशावरून सांगणार होतो? आणि मी तर सही करून दिलेलं.

कुणाला कळलं नसतं. तरी अप्पांकडे गेले आणि सांगितलं — मी लिहून दिलं ते चूक होतं.

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत. “ठीकाय. जावा.”

झालं, आता घरीच बहुतेक.

२६ ऑक्टोबर

प्रोग्राम आता आपोआप सुरू होतो. सर्व्हर दोनदा बंद-चालू करून खात्री केली. शिवाय बॅकअप झाला की रोज सकाळी एक ओळ येणार : ‘प्रत झाली, उघडून तपासली.’

अप्पा : “मेल येतो म्हणून मी वरडत हुतो. आता तुमीच मागवताय व्हय?”

“हो. आता नाही आला, तर ओरडा.”

३० ऑक्टोबर, सोमवार

एसटीत असताना अप्पांचा फोन. “क्षमाताई, आज यंत्राचा निरोप आला न्हाय. बघितलं का तुमी?”

नव्हतं बघितलं. रात्री लाइट गेली होती, बॅटरीही संपली. पोचताच सर्व्हर चालू केला, बॅकअप हातानं चालवला. नोंदी शाबूत.

आजवर ते मला बाई म्हणायचे.

३१ ऑक्टोबर

कायम झाले. आदेश हातात आहे.

अप्पांना म्हटलं, कालच्या फोनमुळे शिफारस झाली ना? बशीतला चहा संपवून म्हणाले, “न्हाय. ती कवाच गेली. तुमी चूक सांगाय आला, त्याच दिशी.”